आरोळी न देता उडालेला सुरुंग

सुरुंग उडाला तेव्हा मधलीच्या दातांत केसांच्या दोन पिना होत्या, तिसरी थोरल्या वहिनीच्या हातात होती आणि धाकटी वहिनी आरसा धरून उभी होती. आरसा हलला. मांडणीवरची पातेली एकमेकांवर आपटली आणि पत्र्यावर कसला तरी खडा टणकन पडून गडगडत अंगणात गेला. मग सगळं गप्प झालं, आणि त्या गप्पपणाचीच जास्त भीती वाटली.

"आरोळी आली का गं?" थोरलीने विचारलं.

"नाही बाई," धाकटी म्हणाली. "मी तर कान देऊन होते."

मधलीने दातांतल्या पिना काढल्या. "मग आपला नाही."

हे तिने इतक्या खात्रीने सांगितलं, कारण या घरात दुसऱ्या कशाची खात्री नसली तरी आरोळीची होती. विहिरी खणणारं घर. माती संपून काळा खडक लागला की त्याला भोकं पाडायची, दारू ठासायची, वात लावायची आणि उडवायचा. आजोबांनी नियम घालून दिला होता, तीन आरोळ्यांशिवाय सुरुंग उडवायचा नाही. भरला की पहिली, पेटवायच्या आधी दुसरी, पेटवल्यावर तिसरी. आणि ती अशी की टेकडीवरच्या मेंढ्यांनीही माना खाली घालाव्यात. तीन पिढ्या गाव या आरोळीवर चाललं होतं. तिसरी ऐकली की बायका दुधावर झाकण टाकत, मास्तर खडू खाली ठेवत आणि न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरून ठेवी. धडाका झाला, पातेली वाजली, की पुन्हा जो तो आपापल्या कामाला.

म्हणून आज आरोळीशिवाय धडाका झाला तेव्हा गावाने सुरुंगाचा विचारसुद्धा केला नाही. आपल्या गावात कधी काही घडत नाही, ही गावाची जुनी तक्रार. बातम्यांमध्ये रोज कुठे ना कुठे काहीतरी उडतं, आणि इथे फार तर कोणाची तरी म्हैस सुटते. तेव्हा सुतावरून स्वर्ग गाठायला गावाने वेळ लावला नाही. चहाच्या टपरीवर अतिरेकी दोन होते. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचेस्तोवर त्यांचे सात झाले, आणि त्यातला एक लंगडत होता.

मधलीच्या मनात मात्र अतिरेकी नव्हते, मनात होता चष्मेवाला. तो दुपारच्या गाडीने येणार होता.

आता चष्मेवाल्याचं सांगायला हवं, कारण घरात ते फक्त दोन्ही वहिन्यांना माहीत होतं. चाळिशीला टेकलेल्या मधलीला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ती तालुक्याला त्याच्या दुकानात गेली. त्याने तिच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, तिच्यात एकेक काच घालत गेला आणि दर वेळी विचारत गेला, "आता बरं वाटतं की मघाशी बरं वाटत होतं?" मधली गांगरली. उभ्या आयुष्यात लागोपाठ इतक्या वेळा तिला कोणी तिचं मत विचारलं नव्हतं. चष्मा एका खेपेत झाला होता. पण ती नंतर दांडी सैल आहे म्हणून गेली, मग घट्ट झाली म्हणून गेली, आणि चौथ्या खेपेला त्यानेच विचारलं, की दांडीला काही झालेलं नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तर मी तुमच्या घरी येऊन बोलू का? विधुर माणूस, शांत, हसला की मिशीसकट हसणारा. मधली 'या' म्हणून आली आणि रस्ताभर तिला वाटत होतं, हेही राहणार.

वाटणारच. तिचं लग्न आजवर तीनदा ठरता ठरता राहिलं होतं. पहिल्यांदा आईच्या आजारपणात, दुसऱ्यांदा वडिलांच्या, आणि तिसऱ्यांदा तर कोणी आजारी नसताना. दोघं भाऊ तेव्हा म्हणाले होते, "तू गेलीस तर आमचं कसं व्हायचं?" आणि गेल्या वर्षी सुताराच्या विहिरीवर जे रामायण झालं त्यानंतर तर बोलायलाच नको. त्या विहिरीत दोन सुरुंग एकदम उडाले, एक थोरल्याने भरलेला, एक धाकट्याने, आणि खडकातून पाण्याचा झरा फुटला. कोणाच्या सुरुंगाने फुटला? थोरला म्हणे माझ्या, धाकटा म्हणे माझ्या. पाणी बिचारं काही बोललं नाही. त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला.

अबोला म्हणजे घर वेगळं नाही, धंदा वेगळा नाही. एका ताटलीतली भाकर मोडायची, एका विहिरीत उतरायचं, फक्त एकमेकांशी बोलायचं नाही. जे काही असेल ते मधलीमार्फत. "मधले, त्याला सांग, मीठ इकडे दे." मीठ त्याच्या हाताशी, तो ऐकतोय, तरी मधलीने म्हणायचं, "दादा म्हणतो मीठ दे." मग धाकट्याने, "ताई, त्यांना सांग, घ्या म्हणावं." विहिरीवरही तेच. थोरला खाली, धाकटा वर काठावर, मधली मधे. भरला, पेटवतो, पेटली, सगळं तिच्या तोंडून वर जायचं, आणि धाकटा आरोळी द्यायचा. इकडे आड तिकडे विहीर असं लोक नुसतं म्हणतात. मधली त्या दोन्हींच्या काठावर वर्षभर उभी होती.

आज पहिल्यांदाच ती विहिरीवर गेली नव्हती. "डोकं दुखतंय," असं तिने दोघांना वेगवेगळं सांगितलं होतं.

हे आठवलं आणि तिच्या हातातल्या पिना गळून पडल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "मी नव्हते ना आज तिथे."

थोरलीने धाकटीकडे बघितलं, धाकटीने थोरलीकडे. नवऱ्यांचा अबोला असला तरी या दोघींचं मागच्या दारी मेतकूट होतं; एकीच्या नवऱ्याने जेवताना तोंड वाकडं केलं की दुसरीला चहा पिता पिता कळायचं.

"नाही गं," थोरली म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "एवढे काही ते हे नाहीत."

"कसले नाहीत?" धाकटी म्हणाली. "परवा उंदीर निघाला तर हे मला म्हणाले, दादाच्या खोलीत शिरतोय, ताई आली की त्याला कळवायला सांग."

तेवढ्यात थोरला पुढच्या दाराने आत आला आणि धाकटा मागच्या. दोघं डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, भुवयांवर दगडाचा भुगा, जणू एकाच पिठाच्या डब्यातून काढलेले. थोरला माठातलं पाणी घटाघट प्यायला. धाकटा चुलीजवळ उकिडवा बसला.

"लागलं नाही ना कोणाला?" मधलीने विचारलं.

दोघांनी माना हलवल्या. तिच्या जिवात जीव आला, आणि लगेच राग आला.

"मधले," थोरला म्हणाला, "त्याला विचार, बाहेर लोकांना काय सांगून आलाय."

"मी काहीच सांगितलं नाही," धाकटा चुलीला म्हणाला. "लोक धावत आले. विचारलं, आरोळी दिली होतीत का? मी म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं. त्यावर तेच म्हणाले, मग हा तुमचा नव्हे, कोणीतरी विहिरीत बाँब टाकला. आता लोक एवढ्या कळवळ्याने बोलतायत तर मी त्यांना खोटं पाडू?"

"अरे पण उडवला कोणी?"

थोरला पुन्हा माठाकडे वळला, धाकटा चुलीतली राख उकरू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दोघांच्या तोंडावर टिपूर पडलं होतं.

"दादा, वात कोणी पेटवली?"

"पेटवली मी," थोरला म्हणाला. "पेटवणारच. भरून बसलो होतो. वरून कोणी विचारेना, भरला का. मी किती वेळ बसायचं? पेटवली आणि वर आलो. डोळे आहेत ना त्याला? माणूस विहिरीतून जीव घेऊन पळतोय म्हणजे काय फुलं तोडायला चाललाय?"

"आणि तू? आरोळी का नाही दिलीस?"

"देणार होतो," धाकटा म्हणाला. "तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, पेटली असं मला कोणी सांगितलंय का? नाही. न सांगता मी ओरडलो, तर त्याचा अर्थ मी आपण होऊन पहिला बोललो. आरोळी गावासाठी की यांच्यासाठी, हा विचार चालू होता, तेवढ्यात..."

"तेवढ्यात उडाला."

"हो."

थोरलीने कपाळाला हात लावला. धाकटीने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते.

मधलीला हसू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे विहिरीतून उडालेला धोंडा कोणाच्या तरी डोक्यात बसताना दिसत होता, आणि तो बसला नव्हता ही केवळ नशिबाची गोष्ट होती. "जा," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता कचेरीत जाऊन सांगा. तालुक्याचे फौजदार आज सकाळपासून तिथेच आहेत."

"परवाना जाईल," थोरला म्हणाला.

"परवाना जाईल," धाकटाही म्हणाला, आणि आपण एकच वाक्य बोललो हे ध्यानात येताच दोघांनी तोंडं फिरवली.

कुंपणावरून शेजारच्या शिंपिणीचा आवाज आला. बातमी सांगायला तिला दार लागत नसे. "ऐकलंत का गं! पकडला एक! गाडीतून उतरताच धरला. पेटी होती हातात. पेटीत नुसत्या गोल गोल काचा, आणि माणसाच्या तोंडावर आवळायची लोखंडी चौकट! आणि गुप्त लिपीतला कागद! विचारलं कोणाकडे आलास, तर सांगेना!"

मधलीने खाली पडलेल्या पिना एकेक करून उचलल्या.

"सांगेना," ती हळूच म्हणाली. "मीच सांगितलं होतं, मी घरात बोलेपर्यंत कोणाला सांगू नका म्हणून."

"कोणाला?" दोघा भावांनी एकदम विचारलं.

थोरल्या वहिनीने पदर खोचला. "ऐका आता. तो तिचा माणूस आहे. तिला मागणी घालायला येत होता. चष्मे करतो तालुक्याला. आणि तुमच्या पायी आज तो अतिरेकी झालाय."

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. "मागणी? आणि तुला माहीत होतं? मला का नाही सांगितलं?"

"मला तरी?" धाकटा बायकोकडे वळला.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?" धाकटी म्हणाली. "ताईंमार्फत ताईंनाच नकार कळवला असतात."

थोरल्याने भुवया झटकल्या, भुगा पडला. मग तो सवयीने म्हणाला, "मधले, त्याला सांग, कचेरीत जाऊन..."

"मी कोणाला काही सांगणार नाही," मधली म्हणाली. ती उठली होती. केस अर्धे बांधलेले, अर्धे मोकळे. "माझं तोंड आजपासून बंद. कचेरीत चला. तिथे ज्याला जे सांगायचंय ते त्याने आपल्या तोंडाने सांगायचं."

कचेरीत अर्धं गाव आत होतं आणि उरलेलं खिडकीत. मधोमध खुर्चीला कपडे वाळत घालायच्या दोरीने चष्मेवाला बांधलेला. त्याचा स्वतःचा चष्मा पुरावा म्हणून काढून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे तो सगळ्यांकडे सारखाच प्रेमाने बघत होता. टेबलामागे तालुक्याचे फौजदार आणि शेजारी गावप्रमुख. गावप्रमुखांच्या ओठावर उजवीकडची मिशी होती आणि डावीकडची नव्हती. सुरुंग उडाला तेव्हा ते न्हाव्याकडे मिशी कोरून घेत होते; आरोळी आली नाही, तेव्हा न्हाव्याने वस्तरा उचलला नाही, आणि धडाक्यासरशी हात जायचा तिथे गेला.

फौजदार भिंतीवर लावलेला कागद न्याहाळत होते. वर मोठ्ठा 'क', खाली 'ट प', त्याखाली 'म ल ग न', आणि पुढे अक्षरं लहान लहान होत गेलेली.

"वरच्या अक्षराचा अर्थ उघड आहे," गावप्रमुख म्हणाले. "क म्हणजे कचेरी. आधी आपण. मग ट प, टपरी. खालच्या ओळींत बाकीच्या जागा असणार."

"खालच्या ओळी वाचा ना," फौजदार म्हणाले.

गावप्रमुखांनी डोळे बारीक केले. "खालच्या पुसट छापल्यात. मुद्दामच."

"छपाई चांगली आहे," चष्मेवाला नम्रपणे म्हणाला. "तुम्ही एकदा दुकानात या."

"धमकी देतोय!" खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"साहेब," मधली पुढे झाली. "सोडा त्यांना. ते माझ्याकडे आलेत."

चष्मेवाल्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याला ती धूसर दिसत असणार, पण त्याला मिशीसकट हसू आलं. "आलात? मी येतच होतो. जरा अडकलो."

गर्दीत कुजबुज उठली. फौजदारांनी मधलीला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमच्याकडे म्हणजे? कोण लागतात तुमचे?"

मधलीचे कान तापले. एवढ्या लोकांपुढे काय सांगायचं? "अजून कोणी नाहीत," ती म्हणाली. "लागायला येत होते."

"घरच्यांना ओळखीचे आहेत?" फौजदारांनी भावांना विचारलं.

"नाही," थोरला म्हणाला. "आत्ताच ऐकतोय," धाकटा म्हणाला.

"बघा!" गावप्रमुख म्हणाले. "बाईमाणसाला फूस लावून गावात शिरायचं, जुनी युक्ती आहे. साहेब, जिल्ह्याहून गाडी निघालीय ना? द्या पाठवून."

जिल्ह्याची गाडी. त्या गाडीतून गेलेला माणूस निर्दोष असला तरी परत यायला महिने लागतात, आणि आल्यावर तो या गावाचं तोंड कशाला बघेल? तिने भावांकडे बघितलं. दोघंही आपापल्या चपला बघत होते.

"दादा," ती म्हणाली. तिला रडू फुटलं आणि ते तिने लपवलं नाही. "तुमच्या दोघांसाठी वर्षभर मी बोलले. माझ्यासाठी एकदा बोला."

थोरल्याने घसा खाकरला. पुढे येऊन तो भिंतीकडेच्या बाकाच्या एका टोकाला बसला. धाकटा आला आणि दुसऱ्या टोकाला बसला. मधे एका माणसाची जागा सवयीने रिकामी राहिली. फौजदार टेबलामागून उठले आणि नीट ऐकू यावं म्हणून नेमके त्या जागेवर जाऊन बसले. त्या जागेचा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता.

"साहेब," थोरला म्हणाला, "बाँब वगैरे काही नाही. सुरुंग आमचाच. आता त्याला विचारा, आरोळी द्यायचं काम कोणाचं."

फौजदारांनी मान वळवली. "आरोळी द्यायचं काम कोणाचं?"

"माझं. पण त्यांना विचारा, भरला की सांगायचं काम कोणाचं."

फौजदारांनी मान परत वळवली. "सांगायचं काम कोणाचं?"

"सांगणार होतो. पण विचारल्याशिवाय सांगायला मी काय त्याचा गडी आहे? विचारा त्याला."

"तुम्ही विचारलं का नाही?"

"धाकट्याने आधी बोलायचं असं कुठे लिहिलंय? आणि त्यांना हेही विचारा, सुताराच्या विहिरीचं पाणी कोणाच्या सुरुंगाने लागलं."

"सुताराच्या विहिरीचं पाणी कोणाच्या..." फौजदार थोरल्याकडे वळले आणि तिथेच थांबले. त्यांनी मान चोळली. "अहो, मी काय तुमचं टपाल आहे का? तो तिथे बसलाय! हातभर अंतरावर!"

"त्यांचं असंच असतं, साहेब," खिडकीतून शिंपीण म्हणाली. "मधली असते म्हणून चालतं."

फौजदारांनी मधलीकडे बघितलं. "किती दिवस करताय तुम्ही हे?"

"वर्ष झालं."

"मला पाच मिनिटांत मानेत उसण भरली," फौजदार म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी हवालदाराला खूण केली. "सोडा रे त्या माणसाला. जिल्ह्याला कळवा, गाडी परत न्या. अतिरेकी बितिरेकी काही नाही."

"असं कसं?" गावप्रमुख उभे राहिले. "साहेब, एवढी घाई नको. माझी मिशी गेलीय! अतिरेक्यांशी लढताना गेली म्हटलं तर काही शोभा आहे. उद्या लोक विचारतील, कशाने गेली? काय सांगू, दोघा भावांच्या रुसव्याने?"

"उरलेली काढून टाका," फौजदार म्हणाले. "म्हणजे कोणी विचारणार नाही."

कचेरी हसली. भाऊ हसले नाहीत. त्यांना पुढचं दिसत होतं. फौजदार टेबलाकडे गेले, परवाना मागवला, उलटसुलट करून बघितला. तेवढ्या वेळात थोरली वहिनी दाराची चौकट धरून उभी राहिली होती, कारण तो कागद गेला तर घरची चूल थंड.

"खरं तर मी हा रद्द केला पाहिजे," फौजदार म्हणाले. "आज कोणी मेलं नाही ही तुमची करणी नव्हे. पण तीन पिढ्यांत पहिल्यांदा चुकलात म्हणून एक संधी देतो. एका अटीवर. या ताई विहिरीवर हजर असल्याशिवाय सुरुंग भरायचा नाही. त्या असतील तर परवाना आहे. त्या नसतील तर नाही."

"राहील की!" थोरला म्हणाला.

"राहील, राहील!" धाकटा म्हणाला.

दोघांच्या चेहऱ्यांवर इतकी सुटका होती की मधलीला क्षणभर त्यांची कीव आली. हे तिचे भाऊ. थोरल्याने तिला खांद्यावरून शाळेत नेलं होतं. धाकट्याला तिने मांडीवर खेळवलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही तिला विहिरीच्या काठावर कायमची उभी करण्यावर. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. चष्मेवाल्याच्या दोरीची गाठ हवालदाराला सुटत नव्हती. चष्मेवाला तिच्या दिशेने तोंड करून बसला होता. त्याने बोलायला हवं होतं का? छे. तो तर ती काय म्हणते याची वाट बघत होता, काच बदलून थांबायचा तसा.

तिला भीती वाटत होती. नाही म्हटलं तर दोन संसार उपाशी मरतील आणि गाव म्हणेल, हिच्यापायी. हो म्हटलं तर चौथं लग्नही राहिलं, आणि पाचवं आता कोण विचारायला बसलंय?

"साहेब," ती म्हणाली, "मी नाही राहणार."

"मधले!"

"ताई!"

"आज मी एक दिवस घरी राहिले, तर गावात अतिरेकी शिरले," मधली म्हणाली. "उद्या मी तापाने पडले तर काय लढाई जाहीर करणार? मेले तर? साहेब, अट घालायचीच तर अशी घाला की सुरुंग भरण्याआधी या दोघांनी एकमेकांशी बोलायचं. नाही बोलले तर घ्या परवाना काढून. माझ्या वहिन्या उपाशी राहणार नाहीत, दोघी मिळून या दोघांपेक्षा चांगला धंदा करतील."

"करू की," दारातून थोरली म्हणाली.

"आणि आरोळीही देऊ," धाकटी म्हणाली. "माझा आवाज ऐकलाय यांनी."

धाकट्याने मान खाली घातली. ऐकला होता हे उघड होतं.

"अगं पण मधले," थोरला अगतिक होऊन म्हणाला, "मग आमचं कोण... कोणी सांगायचं, कोणी विचारायचं?"

"ते तुम्ही दोघं बोलून ठरवा," मधली म्हणाली.

ती खुर्चीपाशी गेली. हवालदाराला बाजूला सारून तिने गाठ सोडली. दोरखंडात जन्म गेलेल्या घरातली मुलगी ती, कपड्यांच्या दोरीची काय कथा. टेबलावरचा चष्मा उचलला, पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे बघितलं, मग तिच्या अर्ध्या बांधलेल्या केसांकडे. फौजदारांनी परवान्यावर काहीतरी खरडलं आणि कागद बाकाच्या बरोबर मध्यावर, दोघांच्या मधे, ठेवून दिला.

बाहेर ऊन उतरलं होतं. दोघं गाडीच्या थांब्याकडे निघाले.

"घरच्यांना भेटायचं राहिलं," चष्मेवाला म्हणाला.

"एवढं भेटलात, आणखी किती भेटायचं?" मधली म्हणाली. "विचार बदलला असेल तर सांगा. मी काही म्हणणार नाही."

"माझा नाही बदलला. तुमचा?"

ती काही म्हणणार तेवढ्यात कचेरीच्या उघड्या खिडकीतून थोरल्याचा आवाज आला, "मधले! अगं मधले!" आणि लगोलग धाकट्याचा, "ताई!" तिचा पाय सवयीने वळला. टाच उचलली गेली होती, तोंडात शब्द येऊन ठेपले होते, दादा म्हणतो. चष्मेवाला थांबला. त्याने तिला धरलं नाही की ओढलं नाही, नुसता पेटी या हातातून त्या हातात घेऊन उभा राहिला.

मधलीने पाय खाली टेकवला. ती गेली नाही.

खिडकीतली डोकी आत भावांकडे वळली. मग थोरल्याचा आवाज आला, चिडलेला आणि ओशाळलेला.

"ए धाकट्या."

"काय?" धाकटा म्हणाला.

"तो कागद उचल. वाऱ्याने उडेल."

"उचलतो."

एवढंच. मधली रस्त्यातच उभी राहून रडू लागली. तिला आनंद झाला होता, आणि वाईटही वाटलं होतं, की हे होण्यासाठी वर्षभर तिने मधे उभं राहायला नको होतं, निघून जायला हवं होतं.

"माझाही नाही बदलला," तिने डोळे पुसत सांगितलं, आणि गाडी येताना दिसली म्हणून दोघं जरा भरभर चालू लागले.